टिश्यू कल्चरची अंजीर रोपं: दोन लॅब, १८ रोपं आणि तीन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितेय. टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे काडी न लावता, झाडाच्या छोट्याशा तुकड्यापासून लॅबमध्ये बाटलीत वाढवलेली रोपं. रोपं घरी आली त्याच आठवड्यात लिहिला असता तर दोन्ही लॅबना पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते, कारण पॅकिंग छान, रोपं हिरवीगार, एकही मेलेलं नाही, अजून काय पाहिजे. पण अंजिराचं रोप खरं कसं आहे ते पार्सल उघडल्यावर कळत नाही, ते कळतं दुसऱ्या वर्षाच्या पालवीला. आता तीन वर्षं झाली, पहिल्या लॅबची १० आणि दुसऱ्या लॅबची ८ अशी १८ रोपं हाताखालून गेली, तर जे दिसलं ते सगळं सांगते. लॅबची नावं घेणार नाही, त्यापेक्षा विचारायचे प्रश्न सांगते, ते माहीत असले की कुठल्याही लॅबकडून रोपं घ्या, फसणार नाही.

आधी आमच्या घरातलं मूळ भांडण सांगते. बाबांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, अंजिराची काडी मातीत खोचली की लागते, त्याला लॅब कशाला आणि बाटली कशाला. आणि ते खरंच आहे हो. पानगळ झाली की पेन्सिलीएवढ्या जाडीची चार-पाच डोळ्यांची काडी घ्यायची, दोन डोळे मातीखाली जातील अशी लावायची, ओल टिकवायची, दीड-दोन महिन्यांत मुळ्या सुटतात. इतकं सोपं फळझाड क्वचितच असेल. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल म्हणून एक प्राचीन वस्ती आहे, तिथे जळून कोळसा झालेली नऊ छोटी अंजिरं सापडली, वय ११,४०० ते ११,२०० वर्षं, आणि ती परागीकरण न होता धरणाऱ्या जातीची, म्हणजे रुजणारं बी नसलेली, असल्यामुळे माणसानेच काड्या लावून वाढवली असणार असं त्या संशोधकांनी २००६ साली मांडलं. मी हे बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "मग मी दुसरं काय सांगतोय?"

पण आमच्या घरामागच्या झाडाची गोष्ट वेगळी होती. बाबांनी स्वतः लावलेलं, जुनं, दरवर्षी फळ देणारं, आणि दरवर्षी त्याच्या पानांवर फिकट पिवळे डाग, कडा न ठरलेल्या, कागदावर तेल पसरावं तसे हिरव्यात विरघळत गेलेले. उन्हाळा सरत आला की त्याच डागांच्या कडेने गंजासारखी तपकिरी रेघ यायची. काही पानं एका बाजूला आखडलेली, काही फळं बोराएवढी असतानाच गळून पडायची. आम्ही कित्येक वर्षं खत कमी पडतंय असं समजून खत घालत राहिलो, मग लोह दिलं, मग झिंक दिलं, कशानेही फरक नाही, कारण तो मोझॅक नावाचा व्हायरसचा रोग होता. कॅलिफोर्नियातल्या अंजिरांवर काँडिट आणि हॉर्न या दोघांनी १९३३ साली या रोगाचं वर्णन केलं होतं आणि त्यामागचा व्हायरस नीट ओळखला गेला २००९ साली, म्हणजे मधली ७६ वर्षं नुसती लक्षणं माहीत होती. हा व्हायरस पसरतो दोन वाटांनी. एक म्हणजे एक अतिबारीक कोळी, असेरिया फायकस त्याचं नाव, नुसत्या डोळ्याला दिसतही नाही, कळीच्या खवल्यांमध्ये लपून बसतो. आणि दुसरी वाट म्हणजे आपण, आपण देतो-घेतो त्या काड्या आणि कलमं. बाबांनी त्या झाडाच्या काड्या आजवर किती जणांना दिल्या त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक काडीबरोबर मोझॅक गेला. हे त्यांच्या लक्षात आलं त्या संध्याकाळी ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेव्हा ठरलं की टिश्यू कल्चर बघू.

पहिल्या लॅबकडून ब्राउन टर्की जातीची १० रोपं घेतली. ही हार्डनिंग झालेली होती, म्हणजे बाटलीतून काढून प्लग ट्रेमध्ये कोकोपीटात सेट केलेली, वीतभर उंच. सोबत एक छापील पत्रक होतं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की टिश्यू कल्चर रोपं, व्हायरसमुक्त. वाढ बघून तर जीव हरखला. सहा महिन्यांत १० च्या १० रोपं गुडघ्याएवढी, फक्त काडीच्या रोपासारखं एक सरळ खोड नाही तर बुंध्यापासूनच चार-चार पाच-पाच फुटवे, आणि पानंही वेगळी, अंजिराच्या पानाला जी खोल बोटं असतात ती नाहीत, साधं अखंड पान. मला वाटलं भलतीच जात पाठवली की काय. नाही, तसं नसतं. बाटलीत फुटवे यावेत म्हणून जे हार्मोन दिलेले असतात त्याचा असर काही महिने राहतो म्हणून झुडूप होतं, आणि पान साधं येतं कारण रोप थोडं बालपणात मागे गेलेलं असतं. पुढच्या वर्षी पानांना बोटं आली. तर कुणाला असं दिसलं तर लगेच लॅबशी भांडू नका, जोरदार एक किंवा दोन फुटवे ठेवा आणि बाकीचे काढा.

दुसऱ्या वर्षाची पालवी आली आणि मी रोज सकाळी भिंग घेऊन बघत होते. पहिली चार पानं स्वच्छ. पाचव्या पानावर, शिरेच्या जरा बाजूला, नखाएवढा फिकट डाग. पान उन्हाकडे धरलं तर डागातून प्रकाश जास्त येत होता. मी ते पान तोडून बाबांसमोर धरलं, त्यांना काही सांगावं लागलं नाही, ते उठून मागच्या झाडाचं एक पान घेऊन आले आणि दोन्ही शेजारी ठेवली. तोच डाग. महिनाभरात १० पैकी ७ रोपांवर मोझॅक स्पष्ट दिसायला लागला.

आता कुणी म्हणेल की मागच्या झाडावरूनच लागला असेल. मलाही आधी तेच वाटलं. पण रोपं गच्चीवर होती, झाड घराच्या मागे, आणि कोळ्याने लागण केली असती तर एकेक रोप करत पसरली असती, एकाच पालवीला सात रोपं एकदम नाही. मी लॅबला फोन केला. ज्यांनी उचलला त्या बाई नीट बोलल्या, उडवाउडवी केली नाही हे मान्य करते. मातृवृक्ष, म्हणजे ज्याचा तुकडा घेतला ते मूळ झाड, कुठलं विचारलं तर म्हणाल्या एका बागेतलं चांगलं भरणारं झाड. व्हायरसची टेस्ट केली होती का, तर नाही. मेरिस्टेम (शेंड्याच्या टोकाचा अगदी बारीक भाग) घेतलं होतं की डोळा, तर डोळा. मग पत्रकावर व्हायरसमुक्त कसं काय लिहिलं, तर म्हणाल्या टिश्यू कल्चर म्हणजे व्हायरसमुक्तच असतं ना.

नाही, नसतं. आणि या एका गैरसमजासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लॅबमध्ये करतात काय तर अंजिराच्या कोवळ्या शेंड्याचा एकेका डोळ्याचा तुकडा घेतात, धुतात, सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करतात आणि लॅमिनार फ्लोच्या गाळलेल्या हवेखाली बाटलीतल्या जेलीत ठेवतात. जेली म्हणजे अगार, त्यात क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर आणि हार्मोन. बहुतेक ठिकाणी क्षारांचं प्रमाण अजूनही मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी ठरवलं तेच, म्हणून त्याला एमएस मीडिया म्हणतात. बाटल्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात, १२१ अंशांवर वाफवलेल्या असतात. आता अंजिराची खोड अशी की कापलं की चीक येतो, तोच तो पांढरा चीक जो हाताला लागला की खाज सुटते, आणि चिकाबरोबर जी फेनॉल द्रव्यं बाहेर पडतात ती हवेने काळी पडतात, जेली तपकिरी होते आणि तुकडा स्वतःच्याच विषात मरतो. म्हणून अंजिराची सुरुवात केळीपेक्षा अवघड. तुकडा आधी वाहत्या पाण्यात धुवून चीक काढावा लागतो, अॅस्कॉर्बिक किंवा सायट्रिक आम्लाच्या पाण्यात बुडवावा लागतो, आणि पहिल्या काही दिवसांत परत परत नव्या जेलीत हलवावा लागतो, काहीजण जेलीत कोळशाची पूड घालतात. एकदा का तुकडा टिकला की बीएपी नावाच्या हार्मोनवर एका डोळ्याचे चार फुटवे होतात, ते सुटे करून परत लावले की सोळा, सहा फेऱ्यांत हिशेबाने चार हजारांच्या वर. मग हार्मोन बदलून, आयबीए नावाच्या हार्मोनवर मुळ्या. फुटवे की मुळ्या हे दोन प्रकारच्या हार्मोनांच्या प्रमाणावर ठरतं हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ सालीच दाखवून दिलंय.

तर या सगळ्यात मरतं काय? बुरशी मरते, जिवाणू बरेचसे जातात, मातीतले सूत्रकृमी येऊच शकत नाहीत, कळीतला तो मोझॅकचा कोळीही मरतो. पण व्हायरस बाहेर बसलेला नसतो, तो पेशीच्या आत असतो. हायपोक्लोराइट तिथे पोचत नाही. डोळा आजारी झाडाचा घेतला तर फुटवा आजारी, त्याचे चार आजारी, आणि चार हजारही आजारी. काडी लावताना बाबा एका झाडाचे वीस आजारी करत होते, लॅब बाटलीत बसून हजारो करते. स्वच्छ बाटलीत रोगही तितकाच स्वच्छपणे वाढतो.

व्हायरस काढायचा तर डोळा चालत नाही, शेंड्याच्या अगदी टोकाचं मेरिस्टेम घ्यावं लागतं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, मायक्रोस्कोपखाली कापून. तिथल्या पेशी इतक्या भराभर फुटत असतात आणि रसवाहिन्या अजून तिथवर जोडल्या गेलेल्या नसतात म्हणून व्हायरस बहुतेक वेळा मागे राहतो. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ साली डेलियावर हे करून दाखवलं तेव्हापासून ही वाट माहीत आहे. पण तुकडा जितका लहान तितका जगण्याचा चान्स कमी, काम किचकट, आणि एवढं करूनही शेवटी व्हायरस शोधणारी आरटी-पीसीआर टेस्ट करून खात्री करावी लागते, नुसतं मेरिस्टेम घेतलं म्हणून झालं असं नाही. डोळ्याचं काम झटपट होतं म्हणून बरेच जण डोळाच घेतात. त्यात चूक काही नाही, मातृवृक्ष तपासलेला असेल तर डोळ्यापासूनची रोपंही उत्तम. चूक आहे ती न तपासता व्हायरसमुक्त छापण्यात.

पहिल्या लॅबला पाचपैकी दोन. ते दोन हार्डनिंगसाठी, ते खरंच फार चांगलं केलं होतं, १० पैकी १० रोपं जगली.

दुसऱ्या लॅबला ऑर्डर द्यायच्या आधीच विचारलं. मातृवृक्षाची टेस्ट कधी आणि कशाची? मेरिस्टेम की डोळा? किती फेऱ्या झाल्यात? जात नक्की कुणी ठरवली, लॅबने का नर्सरीने दिलेल्या लेबलने? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो पण अंजिरात तो सगळ्यात मोठा आहे, एकेका जातीला दहा-दहा नावं आणि एका नावाखाली वेगवेगळ्या जाती, ब्राउन टर्की हे तर त्याचं ठळक उदाहरण. त्यांनी सगळ्याची उत्तरं लेखी पाठवली. मेरिस्टेमपासून सुरुवात, मातृवृक्ष आणि बाटलीतली रोपं दोन्हींची फिग मोझॅक व्हायरससाठी टेस्ट, फेऱ्या मोजून थांबवलेल्या. आणि न विचारता एक गोष्ट त्यांनीच सांगितली, की आम्ही पूर्ण व्हायरसमुक्त असं लिहीत नाही, कारण अंजिराच्या जीनोममध्येच, म्हणजे जनुकांच्या संचातच, एका बॅडनाव्हायरसचा (झाडांच्या व्हायरसांचा एक गट) अंश मिसळलेला आहे, तो मेरिस्टेमनेही निघत नाही, आम्ही टेस्ट केलेल्या व्हायरसांची नावं लिहितो. हे खरं आहे, २०१२ साली ते दाखवलं गेलंय आणि त्या अंशाचा मोझॅकच्या डागांशी संबंध नाही. जो आपणहून एवढं सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवला.

त्यांच्याकडून ब्लॅक मिशन जातीची ४ आणि पॅनाशे जातीची ४ घेतली. ही रोपं हार्डनिंग न झालेली, सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, जेलीसकट. इथे माझी जास्त मेहनत झाली आणि इथेच बहुतेक लोकांची रोपं जातात म्हणून नीट लिहिते.

डबी उघडली तर आत पाच-सहा सेंटीमीटरचं रोप, पानं इतकी पातळ की बोट लावायची भीती वाटावी, आणि जेलीत पांढऱ्या जाड मुळ्या, धाग्यासारख्या नाही तर शेवयांसारख्या, तुटायला एक झटका पुरे. हे रोप आजवर कधी तहानलेलं नाही आणि उपाशीही नाही. शंभर टक्के दमटपणात वाढलं म्हणून पानावर मेणाचा थर जवळजवळ नाही आणि पानावरची छिद्रं मिटायला शिकलेलीच नाहीत. साखर जेलीतून मिळत होती म्हणून स्वतःचं अन्न करायची सवय नाही. बाहेर ठेवलं तर अर्ध्या तासात लुळं पडतं, आणि आपण घाबरून पाणी ओततो, तर मुळ्या कुजतात.

मी केलं ते असं. कोमट पाण्याच्या भांड्यात रोप बुडवून जेली बोटांनी हळूहळू सोडवली, शेवटी मऊ ब्रशने मुळ्यांमधली काढली, कारण जेलीत साखर आहे आणि कणभर राहिली तरी बुरशीला मेजवानी. कोकोपीट आणि परलाइट (पांढरे हलके खडे) निम्मं निम्मं, आधी उकळत्या पाण्याने भिजवून गार केलेलं, पिळलं तर एखादा थेंब पडेल एवढंच ओलं. छोट्या कपात रोप लावून सगळे कप झाकणाच्या पारदर्शक डब्यात, डबा उजेडात पण ऊन अजिबात नाही. पहिला आठवडा झाकण बंद, फक्त रोज एकदा उघडून हवा बदलायची. दुसऱ्या आठवड्यात काडीपेटीच्या काडीएवढी फट. मग बोटभर. चौथ्या आठवड्यात रात्री उघडं, दिवसा अर्धं. आलेली जुनी पानं बहुतेक पिवळी पडून गळतात, ती गळू द्या, बघायचं ते नवीन पानाकडे. नवीन पान जाड, जरा खरखरीत, हाताला अंजिराचं पान वाटेल असं आलं की समजायचं रोप बाहेरच्या जगाला तयार झालं. माझ्याकडे ते पान एकविसाव्या दिवशी आलं, एका मिशनला, आणि मी त्या खरखरीत पानावरून बोट फिरवत किती वेळ उभी होते.

८ पैकी ६ जगली. एक मिशन गेलं ते माझ्याकडून, दुपारचं ऊन सरकत डब्यावर आलं आणि वीस मिनिटांत आतली हवा इतकी तापली की ते रोप शिजल्यासारखं झालं. एक पॅनाशे बुडाशी कुजलं, त्याच्या मुळ्यांच्या बेचक्यात जेलीचा तुकडा राहिला होता, उपटून बघितलं तेव्हा दिसला. म्हणजे दोन्ही चुका लॅबच्या नाहीत. तरी लॅबला एक सांगणं आहे की सोबत हार्डनिंगची जी माहिती दिलीत ती चार ओळींची आहे, तेवढ्यावर नवख्या माणसाचं रोप जगणार नाही. ज्यांना रोज सकाळ-संध्याकाळ डब्याकडे बघायला वेळ नाही त्यांनी हार्डनिंग झालेलीच घ्या, जास्त पैसे गेले तरी चालतील.

पॅनाशेबद्दल वेगळं लिहायला हवं. हे ते पिवळ्या-हिरव्या उभ्या पट्ट्यांचं अंजीर, आत लालचुटूक. पट्टे येतात कारण झाड दोन प्रकारच्या पेशींचं बनलेलं आहे, एका थरातल्या हिरव्या, दुसऱ्या थरातल्या फिकट, याला कायमेरा म्हणतात. काडी लावली तर दोन्ही थर बरोबर येतात म्हणून पट्टे टिकतात. टिश्यू कल्चरमध्ये फुटवा जर नेहमीच्या कळीतून न येता नुसत्या पेशींच्या गोळ्यातून आला तर तो एकाच प्रकारच्या पेशींचा होऊ शकतो आणि पट्टे गेले. माझ्या उरलेल्या तीनपैकी एकाचं तेच झालं. सुदैवाने हे फळाची वाट न बघता कळतं, पॅनाशेच्या कोवळ्या खोडावरही पट्टे असतात, दोघांच्या खोडावर फिकट रेघा नीट दिसतात आणि तिसरं साधं हिरवं. लॅबला फोटो पाठवला, त्यांनी मान्य केलं आणि बदली रोप देऊ म्हणाले. म्हणून पट्टेवाल्या, चित्रीच्या पानांच्या कुठल्याही जातीसाठी माझं मत असं की खात्रीचं निरोगी झाड मिळत असेल तर काडीच बरी.

मिशनची तिन्ही रोपं आता खांद्याला लागतात. ब्लॅक मिशनला मोझॅक फार लवकर आणि फार ठळक दिसतो असं मानतात, म्हणून मी मुद्दाम हीच जात घेतली होती की लपवाछपवी नको, असेल तर दिसू दे. दोन पालव्या झाल्या, भिंगाने बघते, एकही डाग नाही. पहिली फळं दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी धरली, दोन झाडांना मिळून नऊ. काडीच्या रोपाला त्याच वर्षीसुद्धा एखाददुसरं फळ येऊन जातं, त्या मानाने हे उशिरा, तेवढा धीर धरावा लागतो. फळ पिकलं ते ओळखायला बाबांनी शिकवलं, रंग बघू नको, मान बघ. मान सैल होऊन फळ खाली वाकलं, सालीला बारीक उभ्या चिरा पडल्या आणि बुडाच्या डोळ्याशी मधासारखा एक थेंब आला की तोडायचं, त्याच्या आधी एक दिवस नाही. फोडलं तर आत शेकडो बारीक फुलं, उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात तेही त्याच घराण्यातलं ना, फुलं आतच असतात, उघडून बघावी लागतात. चव सांगायला शब्द शोधत बसत नाही, गोड, दाट, आणि बियांचा तो कुरकुरीतपणा.

इथे एक सावधगिरी. मिशन, ब्राउन टर्की, कडोटा, पॅनाशे या जाती परागीकरणाशिवाय फळ धरतात. स्मर्ना गटातल्या जातींना ब्लास्टोफेगा नावाची बारीक गांधीलमाशी लागते, ती नसेल तर फळं धरून गळून जातात, आणि टिश्यू कल्चरने यात काडीचाही फरक पडत नाही. मागवताना जातीच्या नावाबरोबर गटही विचारा.

आणि हेही तितकंच खरं की स्वच्छ रोप आणलं म्हणजे ते कायम स्वच्छ राहील असं नाही. मोझॅकचा कोळी वाऱ्यावर उडत येतो. मागचं जुनं झाड तोडावं का यावर आम्ही बरंच बोललो आणि ठेवलंय, मोझॅक असलेली झाडं वर्षानुवर्षं जगतात आणि फळंही देतात, उगाच घाबरून चांगलं झाड तोडायची गरज नाही. पहिल्या लॅबची सात रोपं मात्र काढली, आणि डाग नसलेली तीन वेगळी ठेवलीत पण त्यांच्या काड्या कुणाला देत नाही. मिशन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, बाबा आधी तिकडचं काम करतात आणि जुन्या झाडाकडे शेवटी जातात, कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसून. ही शिस्त त्यांनी स्वतःहून लावली, मी सांगितली नाही.

दुसऱ्या लॅबला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या चार ओळींच्या माहितीपत्रकासाठी कापला.

आता माझं मत विचाराल तर अंजिराची टिश्यू कल्चर रोपं बाग भरायला घेऊ नका, आई म्हणून घ्या. तपासलेल्या मातृवृक्षाची दोन किंवा तीन पुरेत. ती एकदा लागली, दोन पालव्या स्वच्छ निघाल्या, जात पटली, फळ खाऊन बघितलं, की पुढचं सगळं काम काडी करते, आणि काडी कशी लावायची ते माणसाला कधीपासून येतंय. बाबा जे म्हणत होते की काडी खोचली की लागते ते बरोबरच होतं, फक्त काडी कुठल्या झाडाची हे बघायचं राहिलं होतं.

गेल्या पानगळीला बाबांनी मिशनच्या १२ काड्या काढल्या. प्रत्येक काप घेतल्यावर चिकाचा पांढरा थेंब येई, तो ते ओल्या फडक्याने टिपत आणि काडी सावलीत उभी करून ठेवत, चीक सुकल्याशिवाय लावायची नाही हा त्यांचा जुना नियम. ११ लागल्या. त्यातल्या पहिल्या काडीला पाचवं पान फुटलं तेव्हा ते स्वतः भिंग घेऊन गेले, पान उन्हाकडे धरलं, उलटं करून परत धरलं, आणि म्हणाले की आता ज्यांना आपण जुन्या काड्या दिल्या त्यांची यादी करायला घे. यादीत १४ नावं झालीत. सगळ्यांना पुढच्या वर्षी एकेक मिशन जाईल. दुसऱ्या लॅबला पॅनाशेच्या बदली रोपासाठी परत लिहिलंय, या वेळी पाठवायच्या आधी खोडावरचे पट्टे दिसतील असा फोटो मागितलाय, तो आला की इथे अपडेट करते.